रूटचा प्रश्न नंतरचा, आधी बूटलोडरचं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फोन रेडमी नोट १० प्रो, २०२१ साली घेतलेला. अँड्रॉइड १३ वर येऊन थांबला, सुरक्षा अपडेट येईनात, चार्जिंग दुपारीच उतरतं आणि फोन मधूनमधून अडखळतो. मित्र म्हणाला रूट कर, नव्यासारखा पळेल. पगाराचं खातं, यूपीआय, ऑफिसचं कामकाज सगळं याच फोनवर आहे. तेव्हा रूट करू का, केलं तर बँकेची ॲप चालतील का, आणि नको वाटलं तर फोन पूर्ववत होतो का?

मी २०११ पासून हे करत आलोय. आधी स्वतःचे फोन, मग मित्रांचे, आणि गेली बरीच वर्षं दुरुस्तीच्या दुकानात सॉफ्टवेअरचं काम. म्हणून उत्तर आधी देतो. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी एकही रूट केल्याने जात नाही. काही साध्या उपायांनी जातात, उरलेल्या रॉम बदलल्याने. आणि खर्च म्हणाल तर तो रूटचा नसतोच. बूटलोडर उघडल्याचा असतो, आणि ज्या फोनवर पगार येतो त्या एकुलत्या एका फोनवर तो करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानात लोक ‘सॉफ्टवेअर मारून द्या’ म्हणतात, तेव्हा त्या एका शब्दात तीन वेगळी कामं मिसळलेली असतात. बटण दाबल्यावर फोनमध्ये अगदी सुरुवातीला जे प्रोग्रॅम चालतात, त्यांतला एक बूटलोडर. पुढची सिस्टिम कंपनीच्या सहीची आहे का ते तो तपासतो आणि सही जुळली तरच पुढे जाऊ देतो. तो उघडला की ही अट उठते. रॉम बदलणं म्हणजे कंपनीची अँड्रॉइड काढून दुसऱ्या कुणी बांधलेली घालणं. आणि रूट म्हणजे अँड्रॉइड ज्यावर उभी आहे त्या लिनक्समधला शून्य क्रमांकाचा वापरकर्ता, ज्याला कुठलीही फाइल वाचता-बदलता येते. त्याचे अधिकार आपल्या हाती घेणं. रॉम बदलला म्हणून रूट होत नाही, लिनेजओएस ही स्वयंसेवकांनी बांधलेली रॉम तर रूटशिवायच येते. रूट केलं म्हणून रॉम बदलत नाही. पण आजच्या फोनवर यातलं काहीही करायचं तर आधी बूटलोडर उघडावा लागतो.

तुमचा मित्र चुकीचं बोलतोय असं नाही, तो जुन्या काळातलं बोलतोय. त्या काळात रूटने फोन खरंच बदलायचा. २०११ मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलक्सी वायमध्ये आतली जागा होती १८० एमबी. दोन-चार ॲप टाकली की जागा अपुरी असल्याचा निरोप यायचा. मग फोन रूट करायचा, मेमरी कार्डाचे दोन भाग पाडायचे आणि लिंकटूएसडी नावाचं ॲप वापरून ॲप दुसऱ्या भागावर सरकवायची. हे केलं की तोच फोन आणखी वर्षभर वापरता यायचा.

आणि मराठीचं तर विचारूच नका. अँड्रॉइड २.२, २.३ च्या कितीतरी फोनांवर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या पट्टीत ‘ऑपेरा कॉन्फिग’ उघडून अवघड लिप्या चित्ररूपात दाखवण्याची सोय चालू करायची, हा तेव्हा तोंडोतोंडी पसरलेला उपाय. पण ती सोय त्या ब्राउझरपुरतीच. फोनभर मराठी दिसायला हवं तर रूट करून सिस्टिमच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये देवनागरी फॉन्ट आपण ठेवायचा. तरीही जोडाक्षरं फुटायची, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसायची, कारण फॉन्ट आला तरी अक्षरांची जुळणी करणारा भाग सिस्टिममध्ये नव्हता. माझ्या आईने मावशीचा मराठीतला एसएमएस पहिल्यांदा वाचला तो मी रूट केलेल्या फोनवर, फुटक्या जोडाक्षरांसकट. मी या कामाकडे ओढला गेलो तो त्या दिवशी. अँड्रॉइड ४ च्या पिढीपासून ही अडचण मिटत गेली.

त्या काळातली आणखी एक गोष्ट आज लोकांच्या लक्षात येत नाही. तेव्हा रूट करायला बूटलोडर उघडावा लागेलच असं नव्हतं. सिस्टिममध्ये भोकं होती, त्यांतून आत शिरता यायचं. पहिल्याच अँड्रॉइड फोनवर, २००८ च्या टी-मोबाइल जी१ वर, कळफलकावर टाइप केलेलं प्रत्येक अक्षर मागे रूटचे अधिकार असलेल्या शेललाही, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रॅमलाही, जात होतं. कुणी गप्पांमध्ये ‘रीबूट’ लिहून एंटर दाबलं की फोन खरोखर बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा! पुढे २०१४ मध्ये टॉवेलरूट आलं, ते लिनक्सच्या गाभ्यातली एक चूक वापरून एका बटणात रूट करायचं. डेटा जात नसे, सही तपासणारी साखळी फारशी कुठे नव्हती, आणि बँकेचं काम लोक बँकेत जाऊन करत. म्हणजे फायदा मोठा आणि खर्च जवळजवळ शून्य.

आज दोन्ही बाजू उलटल्या आहेत. स्क्रीनशॉटसाठी रूट लागायचं, ते अँड्रॉइड ४ मध्ये सिस्टिममध्येच आलं. ॲपला कुठली परवानगी द्यायची ते एकेक ठरवणं २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये आलं. जाहिराती अडवायला सिस्टिममधली इंटरनेटच्या पत्त्यांची यादी, म्हणजे होस्ट फाइल, बदलावी लागे, त्याऐवजी अँड्रॉइड ९ पासून खासगी डीएनएसची, म्हणजे पत्ते शोधून देणारा सर्व्हर आपण निवडण्याची सोय आहे. फायदे असे एकेक करून फोनमध्येच येत गेले. भोकं बुजली, उरला तो कंपनीने ठेवलेला राजमार्ग, म्हणजे बूटलोडर उघडणं. तोही सगळे देत नाहीत. हुआवेने उघडण्याचे कोड देणं २०१८ मध्ये बंद केलं. म्हणून आज ‘एका बटणात रूट’ असं सांगणारं ॲप कुठे दिसलं तर ते टाकूच नका. नव्या फोनवर त्याने रूट तर होणार नाहीच, वर ते स्वतःच फोनमध्ये काय करेल याचा नेम नाही.

आता खर्च काय तो बघू. बूटलोडर उघडताक्षणी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. लोक याला कंपनीची खोड समजतात, पण हे मुद्दाम आणि योग्य कारणाने केलेलं आहे. नाहीतर चोरलेला फोन उघडून, त्यात स्वतःची सिस्टिम घालून कुणीही तुमचे फोटो आणि मेसेज वाचले असते. उघडल्यानंतर फोन प्रत्येक वेळी सुरू होताना इशारा दाखवतो. तो इशारा तुमच्यासाठी असतो, पण तीच माहिती फोनच्या हार्डवेअरमधल्या सुरक्षित भागामार्फत, सहीनिशी, ॲपलाही मिळू शकते. बँकेचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो.

गूगलची ‘प्ले इंटिग्रिटी’ नावाची सोय आहे, पूर्वी तिच्या जागी सेफ्टीनेट होतं. ॲप तिला विचारतं की हा फोन मूळ स्थितीत आहे का. उत्तर तीन पातळ्यांवर मिळतं: साधी, उपकरणाची आणि भक्कम. आधी मधली पातळी सॉफ्टवेअरच्या खुणा बदलून पार करता यायची. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या फोनांवर ती पातळीसुद्धा हार्डवेअरच्या सहीवर अवलंबून आहे, आणि भक्कम पातळीसाठी गेल्या वर्षभरातलं सुरक्षा अपडेट असावं लागतं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेबद्दल निर्देश काढले. फोन रूट केलेला आहे का हे तपासून तसा असल्यास ॲप चालू न देण्याची सोय बँकांनी अजमावून पाहावी, असं त्यांत आहे. सक्ती नाही, म्हणून प्रत्येक बँकेचं वागणं वेगळं. काही ॲप बूटलोडर उघडा असला तरी चालतात, काही फक्त रूट दिसल्यावर अडतात, काही उघडताक्षणी बंद होतात. आणि आज चालतं ते पुढच्या अपडेटनंतर चालेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच: कदाचित चालतील, पण महिन्याच्या एक तारखेला चालतील का, हे मी सांगू शकत नाही.

तुम्हाला कुणीतरी सांगेलच की लपवता येतं. येत होतं, आणि अजूनही काही अंशी येतं. मॅजिस्क हे आज सर्वाधिक वापरलं जाणारं रूटचं साधन जॉन वू याने २०१६ मध्ये आणलं. त्याची मोठी कल्पना अशी होती की सिस्टिमच्या मूळ फाइलींना हातच लावायचा नाही, फक्त बूट इमेजमध्ये, म्हणजे फोन सुरू होताना आधी चढणाऱ्या छोट्या भागात, बदल करायचा आणि बाकी सगळं वरून पांघरायचं. त्यात रूट लपवायची सोयही होती. २०२१ मध्ये तो गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षेच्या चमूत गेला आणि २०२२ मधल्या २४ व्या आवृत्तीतून ती लपवायची सोय काढली गेली. त्यानंतर हे काम वेगवेगळ्या मॉड्यूलांकडे, म्हणजे मॅजिस्कला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमांकडे गेलं. आता भक्कम पातळी पार करायची तर कुठल्यातरी खऱ्या फोनच्या, बाहेर फुटलेल्या सह्या, ज्याला ‘कीबॉक्स’ म्हणतात, त्या मिळवून घालतात. गूगल अशा सह्या शोधून रद्द करत राहतं. रद्द झाली की रात्रीतून ॲप बंद, मग पुन्हा नवी शोधायची. मी हे गिऱ्हाइकांच्या फोनवर करून देत नाही. एक तर त्या सह्या बाहेर फुटलेल्या असतात, त्या वापरणं मला पटत नाही. आणि दुसरं, दवाखान्याचं बिल भरायच्या वेळी माणसाचं यूपीआय बंद पडलं, तर त्याला मी काय सांगू?

बूटलोडरच्या वर रूटचा स्वतःचा असा एक खर्च आहे, सुरक्षिततेचा. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता क्रमांक असतो, त्यामुळे एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. रूटची परवानगी मिळालेल्या ॲपला या भिंती नाहीत. मॅजिस्क प्रत्येक वेळी विचारतं हे खरं, पण घाईत ‘हो’ दाबणारं बोटही आपलंच. सध्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, शेतकरी योजना अशा नावांच्या एपीके, म्हणजे ॲप बसवणाऱ्या फाइली फिरतात. साध्या फोनवर त्या एसएमएस वाचून पैसे पळवतात, तेवढंच पुरे वाईट आहे. रूट केलेल्या फोनवर अशा फाइलीला एकदा ‘हो’ मिळालं तर ती कुठल्याही ॲपच्या खोलीत शिरू शकते आणि सिस्टिममध्ये मुक्काम ठोकू शकते. ज्या घरात फोन चार हातांत फिरतो, मुलं गेम खेळतात, आजोबा आलेली प्रत्येक फाइल उघडून बघतात, तिथे रूट नको म्हणजे नको. ग्राफीनओएस ही पिक्सेल फोनसाठी बनवलेली, सुरक्षिततेवर भर देणारी अँड्रॉइड आहे. तिचे कर्ते तर रूटच्या विरोधातच आहेत, आणि ती टाकून झाल्यावर बूटलोडर पुन्हा बंद करायला सांगतात.

पूर्ववत होण्याचं उत्तर फोनगणिक बदलतं. सॅमसंगमध्ये नॉक्स या त्यांच्या सुरक्षा व्यवस्थेचा एक फ्यूज आहे, २०१३ पासून. परकी सिस्टिम चालवली की तो जळतो आणि मग मूळ सॉफ्टवेअर घातलं तरी तो जळालेलाच राहतो. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंग पे कायमचे जातात. तुमच्या फोनवर असं काही जळत नाही. मूळ फास्टबूट रॉम, म्हणजे संगणकावरून घालायची कंपनीची रॉम, घालून बूटलोडर पुन्हा बंद करता येतो. पण क्रम चुकला तर संपलं. सिस्टिम बदललेली असताना बूटलोडर बंद केला की फोन सुरू होताना सही तपासतो, ती जुळत नाही आणि ‘सिस्टिम नष्ट झाली आहे’ अशा अर्थाचा निरोप दाखवून थांबतो. दुसऱ्या प्रदेशातली मूळ रॉम घालून बंद केला तरी तीच गत होऊ शकते. मूळ रॉम आपल्याच प्रदेशाची, पूर्ण सुरू होऊन घरच्या पडद्यापर्यंत गेलेली बघायची, आणि त्यानंतरच बंद करायचं.

मागे जाण्यातला दुसरा धोका मी स्वतःच्या हाताने अनुभवलाय. २०१८ मध्ये एका मित्राच्या धाकट्या भावाचा जेमतेम दोन महिन्यांचा फोन माझ्याकडे आला. नवी आवृत्ती आवडत नव्हती, आधीची घालून हवी होती. मी त्याआधी शंभर वेळा केलेलं काम, वाचायची तसदी न घेता सुरू केलं. त्या मॉडेलवर नुकतंच ‘अँटी-रोलबॅक’ चालू झालं होतं. म्हणजे फोनमध्ये एक आकडा चढत जातो, आणि त्यापेक्षा कमी आकड्याचं सॉफ्टवेअर घातलं की बूटलोडर पुढे जायलाच नकार देतो. फोन बंद झाला तो पुन्हा दिवाही लागेना. संगणकाला जोडल्यावर क्वालकॉमचा ‘९००८’, म्हणजे नुसत्या चिपची आणीबाणीची अवस्था, एवढंच दिसायचं. त्या अवस्थेतून बाहेर काढायला फोन उघडून बोर्डावरचे दोन बिंदू जोडावे लागले आणि कंपनीची परवानगी असलेल्या खात्यातून सॉफ्टवेअर घालावं लागलं. बारा दिवस गेले, पैसे मी भरले, आणि त्या मुलाचे गावाकडचे फोटो गेले ते गेलेच. तेव्हापासून कुठल्याही फोनला हात लावण्याआधी त्याच मॉडेलची, त्याच प्रदेशाची माहिती मी पुन्हा वाचतो, कितीही वेळा केलेलं असलं तरी.

एक खास आपल्याकडची गोष्ट. जिओ २०१६ मध्ये आलं ते थेट ४जी घेऊन, त्यांचं २जी-३जी नाहीच. म्हणजे बोलणं व्होल्टीवरूनच, ४जीच्या डेटावरूनच होतं. नव्या रॉममध्ये व्होल्टी चाललं नाही तर जिओच्या सिमवर इंटरनेट छान चालेल आणि फोन लागणार नाही. परदेशातल्या माणसाने ‘सगळं उत्तम चालतंय’ असं लिहिलं असेल तर त्याने हे तपासलेलं नसतं. आपल्याकडच्या, आपल्याच सिमवर वापरणाऱ्या कुणाचा तरी अनुभव शोधा. कॅमेऱ्याचंही तसंच. फोटोंवर कंपनीचं ॲप जी प्रक्रिया करतं ती बहुतेकदा मूळ रॉमसोबत जाते. गूगल कॅमेऱ्याच्या आवृत्त्या टाकून बरंच भरून निघतं, पण अगदी तेच फोटो येत नाहीत.

आता तुमच्या तक्रारींकडे येऊ. दुपारीच चार्जिंग उतरणं हे इतक्या वर्षांच्या बॅटरीचं लक्षण आहे. ५०२० एमएएचची बॅटरी रोज चार्ज होऊन थकलीय, तिला रॉम काय करणार? आधी बॅटरी बदला, चांगल्या ठिकाणी आणि खरी. थकलेल्या बॅटरीने फोन अडखळतोही, कारण जोर लागला की व्होल्टेज खाली येतं. मग साठवण बघा. ९५ टक्के भरलेली असेल तर फोन अडखळणारच. किमान पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवा. व्हॉट्सॲपचे सुप्रभात संदेश आणि व्हिडिओ साफ केले तरी फरक दिसेल.

फोनसोबत आलेली नको असलेली ॲप काढायला रूट लागत नाही. डेव्हलपर पर्यायांतून यूएसबी डिबगिंग चालू करायचं, संगणकाला जोडायचं आणि एडीबी या संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने ते ॲप चालू वापरकर्त्यापुरतं काढायचं. मूळ फाइल सिस्टिममध्ये राहते, त्यामुळे चूक झाली तर परत आणता येतं, आणि फॅक्टरी रीसेटनंतर सगळं आपोआप परत येतं. पण नेटवर मिळालेली यादी जशीच्या तशी चालवू नका. तुमच्या फोनवर ‘फाइंड डिव्हाइस’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोन पॅकेजांना अजिबात हात लावायचा नाही. ती निघाली की फोन बूटलूपमध्ये जातो, म्हणजे पूर्ण सुरू न होता पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतो, आणि मग डेटा पुसण्यावाचून गत्यंतर उरत नाही. एका वेळी एकच काढा, दिवसभर वापरून बघा, मग पुढचं. सिस्टिममधल्या जाहिरातींसाठी सेटिंगमध्ये परवानगी मागे घेण्याच्या यादीत ‘एमएसए’ नावाचं एक ॲप आहे, त्याची परवानगी काढा. पहिल्या वेळी नकार येतो, दोन-तीनदा प्रयत्न केला की जाते. बाकी जाहिरातींसाठी खासगी डीएनएसमध्ये ॲडगार्डचा पत्ता घाला. यूट्यूबच्या जाहिराती याने अडत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. हे सगळं एका रविवारचं काम आहे, बँकेच्या ॲपला याची खबरही लागत नाही.

इतकं करून राहते ती एकच खरी अडचण, सुरक्षा अपडेटची. तिथे रॉम बदलण्यात अर्थ आहे. लिनेजओएसने तुमच्या फोनला अधिकृत आवृत्ती दिलेली आहे. ती अँड्रॉइडचा वरचा भाग ताजा ठेवते. पण मोडेम, चिपचे ड्रायव्हर, फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) हे कंपनीने शेवटचं दिलं तिथेच राहतात. म्हणजे फोन पूर्वीपेक्षा सुरक्षित होतो, नव्या फोनइतका होत नाही. आणि बूटलोडर उघडा राहतो हे त्यातून वजा करायचं. घरात पडून असलेल्या दुसऱ्या एखाद्या फोनवर बँकेची ॲप हलवता येत असतील आणि त्यालाही सुरक्षा अपडेट मिळत असतील, तर हे जरूर करा. तसं नसेल तर पैसे साठवा आणि पुढचा फोन जास्त वर्षं अपडेट देणारा घ्या.

करायचं ठरलं तर काही गोष्टी आधी. दोन टप्प्यांचे कोड देणारं ॲप वापरत असाल तर ते आधी दुसऱ्या फोनवर हलवा. फोटोंची आठवण सगळ्यांना असते, याची नसते, आणि मग लोक स्वतःच्याच ईमेलबाहेर अडकतात. व्हॉट्सॲपचा बॅकअप घेऊन तो खरंच झालाय का बघा. यूपीआय नव्याने जोडावं लागेल, त्यासाठी सिममधून एसएमएस जावा लागतो आणि सुरुवातीचा दिवसभर रकमेची मर्यादा कमी असते. म्हणून घरभाडं किंवा हप्ता त्या दिवशी ठेवू नका.

बूटलोडर उघडण्यासाठी सिम घालून, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर तुमचं शाओमी खातं डेव्हलपर पर्यायांतून फोनला जोडावं लागतं. मग बहुधा १६८ तास थांबायला सांगतात. या काळात त्या खात्यातून बाहेर पडू नका, रीसेट करू नका, नाहीतर मोजणी पुन्हा सुरू होऊ शकते. संगणकाच्या जुन्या यूएसबी २ पोर्टला किंवा साध्या हबला जोडा. काही संगणकांवर, विशेषतः रायझेन प्रोसेसरच्या, फास्टबूट यूएसबी ३ वर मध्येच तुटतं आणि अर्धवट लिहिलेलं फर्मवेअर ही काय चीज आहे ते तुम्हाला कळायला नको. भारतात विकलेल्या या फोनचं सांकेतिक नाव ‘स्वीटइन’, बाहेरच्याचं ‘स्वीट’. मूळ फर्मवेअर उतरवताना हे अक्षर न् अक्षर जुळवा. रिकव्हरी, म्हणजे ज्यातून रॉम घालतात ती छोटी वेगळी सिस्टिम, घातली की लगेच पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण धरून थेट रिकव्हरीतच जा, कारण मूळ सिस्टिम एकदा सुरू झाली तर ती आपली रिकव्हरी पुन्हा घालू शकते. गूगलची ॲप हवी असतील तर तीही रॉमसोबत, पहिल्यांदा फोन सुरू व्हायच्या आधीच घालायची. नंतर घातली तर सगळं पुन्हा पुसून करावं लागतं.

रूट मात्र नाव घेऊन सांगता येईल अशी गरज असेल तरच. माझ्याकडे एक जुना फोन घरच्या कॅमेऱ्यासारखा चोवीस तास चार्जरला लावलेला असतो. असा फोन शंभर टक्क्यांवर तापत राहिला की काही महिन्यांत बॅटरी फुगते, मागचं झाकण उचललं जातं, आणि ते धोक्याचं असतं. त्यावर मी रूट करून चार्जिंग ६० टक्क्यांवर थांबवणारं साधन घातलंय. फोन वर्षानुवर्षं थंड बसलाय. त्यावर बँक नाही, ईमेल नाही, सिमही नाही. हे रूटचं मला पटलेलं रूप आहे. अशा फोनवर एखाद्या मॉड्यूलने बूटलूप झाला तरी सेफ मोडमध्ये एकदा सुरू केला की मॅजिस्कची सगळी मॉड्यूल बंद होतात, आणि घाबरण्यासारखं काही राहत नाही.

अजून एक काम, ज्याची आठवण लोकांना उशिरा होते. बूटलोडर उघडून रिकव्हरी मिळाली की सगळ्यात आधी ‘पर्सिस्ट’ आणि मोडेमच्या दोन्ही छोट्या विभाजनांची (साठवणीतल्या राखीव कप्प्यांची) प्रत घेऊन संगणकावर ठेवा. पर्सिस्टमध्ये तुमच्याच फोनच्या सेन्सरांची मोजमापं असतात, दुसऱ्याच्या फोनमधून आणून ती चालत नाहीत. मोडेमची विभाजनं गेली तर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, जातो आणि सिम पकडत नाही. मग कुणीतरी ‘आयएमईआय मारून देतो’ म्हणून भेटेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. आयएमईआयमध्ये फेरफार हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती प्रत काही एमबींची असते, घ्यायला पाच मिनिटं लागतात. फाइलीच्या नावात फोनचं मॉडेल आणि तारीख लिहा, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा.